नानीला उठवायचं राहून गेलं

असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. आमच्या घरात कुणी लिंबूसुद्धा उतरवत नाही. आणि मी तर नगरला एका कॉलेजात फिल्मचं एम.ए. करते, पडद्यावर भीती कशी तयार करतात ते शिकते... तेव्हा आधीच सांगते, हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये. संताप येतोय. अजूनही.

आमची वस्ती श्रीगोंदा–काष्टी रस्त्यावरून आत, उसाच्या पट्ट्यात. नानी म्हणजे माझी थोरली चुलती. काका फौजेत होते. ते गेल्यावर शेती तिनेच सांभाळली, आणि पन्नाशी उलटल्यावर ट्रॅक्टर शिकली. माझी शेवटच्या वर्षाची फिल्म त्यावरच होती — ट्रॅक्टर शिकणारी बाई आणि बांधावर बसून तिला अक्कल शिकवणारे पुरुष. विनोदी. काम नानीच करणार होती. गाईड सरांनी स्क्रिप्ट वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "गावाकडची फिल्म आणि शेवटी कुणी मरत नाही? इम्पॅक्ट कुठाय, स्वाती?"

मी भांडले. पण सर हो म्हणाल्याशिवाय कॉलेजचा कॅमेरा मिळत नाही. म्हणून शेवटी ती बाई मेली. कशाने, ते सरांनाही ठरवता आलं नाही. इम्पॅक्टने मेली म्हणा.

त्या शॉटला सर स्वतः आले. अंगणात नानीला आडवं केलं, अंगावर पांढरी चादर, गळ्यात हार. ती हूं की चूं न करता पडून राहिली. 'कट' म्हटल्यावर उठून बसली आणि म्हणाली, "आता हसल्यालं काडा."

फिल्मलाइनमध्ये ही जुनी पद्धत आहे, नानीला मीच सांगितली होती. ज्याला मेलेलं दाखवलं त्याला लगेच उठवायचं, हसवायचं, आणि तेही शूट करायचं. फिल्ममध्ये तो शॉट वापरत नाहीत. माणसाला तसंच सोडू नये, एवढ्यासाठी घेतात.

"सर, एकच छोटा शॉट," मी म्हटलं.

"तुम्हाला थिअरी शिकवतो मी, आणि तू अंधश्रद्धा शूट करणार?"

"अवो सर, मला आशी मेल्यालीच ठिवून जाता व्हय?" नानीने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

मी कॅमेऱ्याला हात घातला, तर सरांनी तो माझ्या हातातून घेऊन बॅगेत टाकला. नानीच्या हातचा चहा मात्र घेतला. मग गाडीत बसून निघून गेले.

नोव्हेंबर होता. काकांच्या पेन्शनसाठी नानीला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो — मी जिवंत आहे म्हणून. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजल्यात, अंगठा उमटत नाही, म्हणून मी मोबाईलवर तिचा चेहरा दाखवून तो करते. ॲप सांगतं, डोळ्यांची उघडझाप करा. नानीने केली. ॲपने घेतली नाही. पुन्हा केली. पुन्हा नाही.

तेव्हा मी नीट पाहिलं. मोबाईलच्या वरून नानीकडे बघितलं, तर डोळे टक्क उघडे, माझ्याकडे रोखलेले. खाली स्क्रीनवर बघितलं, तर मिटलेले.

मोबाईलला शिव्या घातल्या. वडिलांचा घेतला. तेच. व्हिडिओ काढला, तर त्यात नानी "आता आलं का?" म्हणतेय, ओठ हलतायत, आणि डोळे बंद. शूटिंगच्या आधीचे सगळे फोटो धड होते.

मी लपवायला गेले, पण नानीने मोबाईल हिसकावून घेतला. तो व्हिडिओ पाहिला. "बग, म्या म्हन्ले हुते," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती ट्रॅक्टरवर चढली नाही. घराबाहेर पडेना. भाकरी करायची आणि ताट केलं की म्हणायची, "मला कशाला वाडती?" बँकेत जाऊन समोर उभं राहिलं तरी दाखला मिळतो, पण ऐकेल तर ना. "तितं काय सांगू? जित्ती हाय म्हनून?" ट्रॅक्टर चालवणारी माझी नानी असं बोलत होती! मला रडू यायचं आणि त्याहून जास्त सरांचा राग यायचा.

सरांना फोन करून म्हटलं, राहिलेला हसण्याचा शॉट घेऊ द्या. म्हणाले, "अगं, डेथचा शॉट अप्रतिम आलाय, एडिटला लाग. कॅमेरा आता मिळणार नाही."

शेवटी वर्गातल्या अक्षयने स्वतःच्या नावावर तोच कॅमेरा काढला आणि आम्ही एसटीने वस्तीवर आलो. ज्या कॅमेऱ्याने झोपवलं त्यानेच उठवायचं, असं माझ्या मनाने घेतलं होतं. नानीला अंगणात बसवून म्हटलं, हस. तिला हसू येईना. नुसते ओठ ताणायची, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ते मिटलेले डोळे. अक्षयचा चेहरा उतरला.

माझं डोकंच फिरलं. स्क्रिप्ट शिकवताना आम्हाला सांगतात, पात्राला काय हवंय ते आधी विचारा. मी ओरडले, "नानी, हसू नको! त्या काचेत सर उभे आहेत. तुला काय पाहिजे ते सांग त्यांना!"

नानी उठली. पदर खोचला.

"अय सर! मला आडवी करून च्या पिऊन गेलास व्हय रं? बाईला ट्रॅक्टर आला, ते तुला बगवलं न्हाई? आरं, मी लई वर्सं जगनार हाय! माझं मरान लिवनारा तू कोन?"

स्क्रीनवर तिचे डोळे उघडे होते. लाल झालेले, थेट लेन्समध्ये. मग तिचं तिलाच हसू फुटलं, आणि ती पोट धरून हसली. मी लगेच मोबाईल काढला. दाखला पहिल्याच फटक्यात झाला.

अक्षय म्हणतो, सॉफ्टवेअर असेल, उजेडाचा कोन असेल. असेल. पण दोन मोबाईल आणि एक कॅमेरा, सगळ्यांना एकाच बाईचे डोळे दिसू नयेत?

फिल्ममधून मी ते मरण कापलं आणि शेवटी नानीच्या शिव्या ठेवल्या. कॉलेजात स्क्रीनिंग झालं तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईचा शेवट कुठाय?"

"ही काय, हितं बसलीया बाई," मागच्या रांगेतून नानी म्हणाली.

सरांनी वळून पाहिलं नाही. पुढची फिल्म लावायला सांगितलं.

ते डोळे कॅमेऱ्याला मिटलेले का दिसत होते, मला आजही सांगता येत नाही. पण जिवंत माणूस मागून बोलत असताना वळून न बघणाऱ्याला काय म्हणतात, ते चांगलं सांगता येतं. इथं छापता येणार नाही, एवढंच.