लॉकनटची चावी

पाठीमागे आम्ही तिला तोफ म्हणायचो, तोंडावर ताई. दातांच्या लॅबमध्ये तिचं टेबल माझ्या शेजारी. ती कवळ्या घडवायची, मी त्यांना हिरड्यांचा रंग द्यायचे. प्लास्टर कुणी पातळ कालवलं की तोफ धडाडायची, आणि पुढचा तासभर सगळी खोली शहाण्यासारखी वागायची.

तिने लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घरी राहायची, म्हणजे भाऊ तसं सांगायचा. घर आईवडिलांचं, आता बहीण-भाऊ दोघांच्याही नावावर. पन्नाशी उलटल्यावर तिने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन माणसांची, पोट रस्त्याला टेकेल इतकी बुटकी. भाऊ म्हणाला, "म्हातारपणी ही थेरं!" वहिनी काही म्हणाली नाही. ती सहसा काही म्हणायचीच नाही.

गाडीत स्टेपनी नव्हती. पंक्चर बुजवायच्या रसायनाची एक बाटली आणि छोटा पंप, बस. बाटलीची मुदत केव्हाच संपलेली. ताईने नवी आणली. टायर बाजूने फाटला तर बाटलीचा काही उपयोग नाही हे कळल्यावर भंगारवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि पुढच्या चाकांच्या जागी बसेल अशी अरुंद स्टेपनी शोधली. साधा जॅक गाडीखाली जाईना, म्हणून बुटका घेतला. तो मऊ जमिनीत रुतू नये म्हणून सुताराकडून फळी कापून आणली. डिकीतल्या पिशवीत हातमोजे, टॉर्च, रस्त्यात उभा करायचा लाल त्रिकोण, गाडी ओढायचा हुक. आणि लॉकनटची चावी. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून तिच्या गाडीच्या प्रत्येक चाकाला एक नट वेगळ्याच खाचांचा होता. त्याच्यावर बसणारी, मुठीत मावणारी ती चावी नसेल तर बाकी पाने असून नसल्यासारखे.

सुट्टीच्या सकाळी ती इमारतीखाली चाक काढायचा सराव करायची. भाऊ गॅलरीतून ओरडायचा, "अगं, फोन केला की माणूस येतो! शोभतं का हे?"

"बघवत नसेल तर आत जा!" ती खालून.

एकदा आम्ही दोघी तिच्या गाडीने दूरच्या एका रुग्णालयात निघालो. तिथल्या एका माणसाचा ऑपरेशनमध्ये टाळू काढावा लागला होता. ताईने त्याच्यासाठी टाळूसकट कवळी बनवली होती. ती बसली की तो गिळू शकणार होता, बोलू शकणार होता. डबा माझ्या मांडीवर होता.

ओसाड रस्त्यावर खड्ड्याची धार बसली आणि पुढचा डावा टायर बाजूने टरकन फाटला. ताई शांतपणे उतरली. "आता बघ," म्हणाली, जवळजवळ खुशीतच. तिने डिकी उघडली.

डिकी रिकामी होती. झाडूनपुसून लख्ख.

तिने भावाला फोन लावला, स्पीकरवर.

"ती पिशवी ना? गॅलरीत आहे. परवा स्टेशनला जाताना माझी बॅग मावत नव्हती."

"आणि स्टेपनी?"

"तीही तिथेच. केवढी अडचण करून ठेवली होतीस!"

"लॉकनटची चावी?"

"ती माझ्या कपाटात, नीट ठेवलीय. तू हरवली असतीस."

ताईने डिकी इतक्या जोरात आपटली की शेतातले पक्षी उडाले. "मी हरवली असती! गेली तीस वर्षं लोकांचे दात सांभाळतेय, एकाचा दुसऱ्याच्या तोंडात गेला नाही!" त्यानंतर ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

मागून दुधाची गाडी आली. ताईने रस्त्यात मधोमध उभं राहून ती थांबवली, मला डब्यासकट आत बसवलं आणि चालकाला बजावलं, "हिला रुग्णालयाच्या दारात सोड. दारात, फाट्यावर नाही!"

कवळी बसली. तो माणूस पाणी प्यायला, आणि त्याच्या बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं. ही बातमी सांगायला मी परतीच्या बसने थेट ताईच्या घरी गेले. खाली गाडी उभी होती, पुढचा बंपर तडकलेला. ओढायचा हुकही गॅलरीतल्या पिशवीतच राहिला होता, त्यामुळे टोइंगवाल्याने मिळेल तिथे पट्टा बांधला होता. वर तोफ सुरू होती.

"माझ्या डिकीला हात का लावलास?"

"घरातली गाडी आहे. मी काय परका?" भाऊ खुर्चीत बसून होता. "आणि सुखरूप आलीस ना? मग एवढा तमाशा कशाला? तुझ्या काळजीपोटीच..."

"तुझ्या काळजीने मला भर उन्हात रस्त्यावर बसवलं, दादा! तिकडे एक माणूस उपाशी वाट बघत होता. चावी दे."

त्याने कपाटातून चावी काढली आणि "घे, एवढीशी वस्तू!" म्हणत फेकली. ती घरंगळत सोफ्याखाली गेली. वहिनी लगेच वाकली.

"वहिनी, ऊठ," ताई म्हणाली. "ज्याने फेकली तो उचलेल."

भाऊ खुर्चीत जाऊन बसला तो हलला नाही. वहिनी ना खाली ना वर, अशी अवघडून राहिली. शेवटी ताईनेच सोफा एका धक्क्यात सरकवला, चावी उचलली, खुंटीवरची गाडीची दुसरी किल्लीही काढून घेतली, आणि त्याच महिन्यात लॅबच्या मागे तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेतली.

काही दिवसांनी वहिनी ताईचे राहिलेले कपडे घेऊन लॅबमध्ये आली. "हे म्हणतायत, माफी मागितलीस तर परत ये."

"माफी? मी?" ताईने मेण कापायचा चाकू टेबलावर आपटला. "जाऊन सांग त्याला..."

"मी नाही सांगणार," वहिनी म्हणाली. "आयुष्यभर तुम्हा दोघांचे निरोप वाहिले. तुला राग आला, तू निघालीस. मला आला तर मी कुठे जायचं, हा विचार तरी केलास कधी?"

तोफेने चाकू बाजूला सारला. तिने स्टूल पुढे ओढलं. वहिनी बसली नाही. कपड्यांची पिशवी ठेवून ती जिना उतरली, आणि ताई एप्रन न काढताच तिच्यामागे धावली.

बहीण-भावाचं अजून बोलणं नाही. वहिनी त्याच घरात आहे. पण आठवड्यातले दोन दिवस ती ताईच्या खोलीवर येते, दुपारी पाय पसरून झोपते, आणि भाऊ स्वतःचं जेवण स्वतः गरम करून घेतो. राग गेला का, असं मी एकदा ताईला विचारलं.

"का जावा?" ती म्हणाली, आणि पुढचा साचा हातात घेतला.