दोनदा दाबायचा ब्रेक

ती घटना आजही मला कागद न पाहता सांगता येते. तेव्हा मी चाकूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता.

नांदेडहून लातूरला निघालेली एसटी दुपारी एका फाट्याजवळ पंक्चर झाली. प्रवासी उतरून कडेला उभे राहिले. त्यांत नायगाव तालुक्यातली एक बाई होती. तिची मुलगी लातुरात वैद्यकीय प्रवेशाच्या क्लासला होती आणि तिला घरचं जेवण मिळावं म्हणून आईने तिथेच खोली केली होती. लातुरात अशा आया गल्लोगल्ली दिसतात. गावी जाऊन, ज्वारीचं पीठ दळून ती परत निघाली होती. मागून आलेल्या एका जुन्या जीपच्या चालकाने उभे प्रवासी पाहिले आणि भाडं मिळेल म्हणून गाडी कडेला घेतली. गाडी थांबली नाही. बाई जागीच गेली. जीप जळकोटच्या दिशेने निघून गेली.

पंचनाम्यात मृताच्या वस्तूंची नोंद करावी लागते. चप्पल, एकाच पायातली. स्टीलचा डबा. पिठाची पिशवी, फाटलेली. हे मी स्वतः लिहिलं, कारण हवालदाराचा हात थांबला होता.

तिसऱ्या दिवशी खबर आली. जळकोटकडच्या एका गॅरेजमध्ये एक जीप पुढचा पत्रा सरळ करायला आली होती. डेंटरला शंका आली ती पत्र्यामुळे नव्हे. तो फोनवर म्हणाला, "साहेब, चासीवरचा नंबर कापून काढलाय. असली गाडी ठिवून मी कशाला अडकू?"

आम्ही जीप आणि चालक दोन्ही ताब्यात घेतले. पाटीवरचा नंबर तपासून हवालदार हसला. "साहेब, हा नंबर नांदेडातल्या एका स्कूटीचा हाय. लई वाढली स्कूटी."

पकडून आणलेला माणूस पहिला तासभर आपण काय सांगायचं हे ठरवत असतो. त्याला तेव्हा फार विचारू नये. चालकाला पाणी दिलं, बसू दिलं. मग तो बोलला.

"देवाशपथ साहेब, पाय पुरा दाबला व्हता. ब्रेक लागलाच न्हाई."

"समदे असंच म्हणतेत," हवालदार म्हणाला. "माणूस मेला की ब्रेक कुणाचाच लागत न्हाई."

"गाडी किती दिवस चालवतोस?" मी विचारलं.

"त्या दिशी चौथा दिवस व्हता. लातूरच्या एजंटाकडून घेतली. कागद मागून देतो म्हणला."

एजंटाच्या हातून त्या महिन्यात एकच जीप गेली होती. ती चाकूरच्या एका निवृत्त शिक्षकांची. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. जुनी गाडी सरकारमान्य केंद्रात मोडीत काढली की प्रमाणपत्र मिळतं आणि ते दाखवून कमी इंधन खाणारी नवी गाडी घेतली तर करात सवलत मिळते, अशी योजना आहे. गुरुजींनी त्या योजनेत जीप देऊन सीएनजीची मोटार घेतली होती. एजंटाचं म्हणणं सरळ होतं. "गुरुजींची जीप तुटली, साहेब. कागद बघा. ही जीप मी बघितलीबी न्हाई."

कागद बिनचूक होता. सरकारी नोंदीत ती जीप उरलीच नव्हती. आमच्या आवारातली जीप तीच आहे, हे सांगू शकणारा एकच माणूस होता.

गुरुजींच्या अंगणात नवी मोटार उभी होती. पूजेचा हार अजून काढलेला नव्हता. त्यांचा मुलगा लातुरात क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत असे; प्रमाणपत्र त्यानेच आणून दाखवलं. गुरुजी म्हणाले, "माझी जीप तोडली, साहेब." म्हणताना ते माझ्याकडे नव्हे, कागदाकडे पाहत होते.

मी त्यांना ठाण्यात येऊन एकदा नजर टाकण्याची विनंती केली. मुलगा सोबत आला. जीपचा रंग बदललेला होता, सीटकव्हर नवी होती. गुरुजींनी भोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "न्हाई. ही न्हाई."

मी म्हणालो, "बरं. तेवढी लिंबाखाली घेता का? पंचांना उन्हात उभं करायला नको."

हे मी मुद्दाम म्हणालो. आपली गाडी चालवणारा माणूस तिच्याकडे पाहत नाही; हातपाय सवयीने चालतात. आवाराला किंचित उतार होता. जीप झाडापर्यंत आली. गुरुजींनी ब्रेक हलका दाबला, पाय उचलला, पुन्हा दाबला. गाडी अलगद थांबली.

"गुरुजी, ब्रेक दोनदा का दाबला?"

ते खाली उतरले नाहीत. हात स्टिअरिंगवरच होते.

"पहिला कवाकवा फुसका जातो," ते म्हणाले. "दुसऱ्याला धरते. लई वर्षं झाली. पायाला सवय झाली."

"अण्णा, गप बसा," मुलगा म्हणाला. "कागद आपल्याकडं हाय."

"तू जरा भाईर थांब," गुरुजी म्हणाले.

ठाण्यात आत बसून जबाब त्यांनी न अडखळता दिला. त्यांची बहीण औसा तालुक्यात दिलेली होती. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या सकाळी ते याच जिपेतून गेले आणि ढिगाऱ्यातून काढलेली माणसं दवाखान्यात नेत राहिले. बहीण मधल्या सीटवर होती. लातूर यायच्या आधीच ती गेली. पुढे मुलाने नवी गाडी ठरवली, एजंट जीप न्यायला आला आणि सांगून गेला की कटरने तुकडे होतील.

"मी म्हणलं, तोडू नका तिला. कुठंबी दूर चालू द्या, माझ्या नजरेसमोर नको. तो म्हणला, तुमच्यासाठी एवढं करतो गुरुजी."

एजंटाला तेच हवं होतं. त्याने चासीवरच्या नंबराचा तुकडा कापून केंद्रातल्या एका कारकुनाला दिला, प्रमाणपत्र घेतलं आणि जीप विकली. पुढे जबाब समोर ठेवल्यावर ते त्याने कबूल केलं.

मुलगा पुन्हा आत आला. "साहेब, एजंटानं फसवलं एवढंच लिहा. ते तोडू नका म्हणलेलं कशाला?"

मी पेन खाली ठेवलं होतं, हे कबूल करतो. त्या वाक्याशिवायही एजंटावरचा गुन्हा उभा राहत होता. ते वाक्य लिहिलं की जीप तुटली नाही हे ठाऊक असून सवलत घेतली असा अर्थ निघत होता, आणि गुरुजी साक्षीदार न राहता आरोपी होणार होते.

"ते बी लिवा," गुरुजी म्हणाले. "आन् ब्रेकचं बी लिवा. त्या ड्रायव्हरला खोटं पाडू नका." त्यांनी सही केली. अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक होतं.

बाईचा नवरा त्या दिवशी शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत घ्यायला आला होता. बाकावर बसला होता; आतला जबाब त्याच्या कानावर पडला होता. गुरुजी आपणहून त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "गाडी माझी व्हती," ते म्हणाले.

नवरा म्हणाला, "पोरगी म्हणती आता लातूरला न्हाई जायचं. खोली बघवत न्हाई म्हणती." मग त्याने विचारलं, "ब्रेकचं त्या ड्रायव्हरला कुणी सांगितलं असतं तर, गुरुजी?"

"तर थांबली असती."

मी मध्ये पडलो नाही. हवालदारही आत निघून गेला.

एजंट, कारकून, चालक आणि गुरुजी अशा चौघांविरुद्ध दोषारोपपत्र गेलं. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीतही ब्रेकचा तोच दोष निघाला. पुढचं न्यायालयाचं काम होतं. त्यावर मी बोलणार नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी समजूत अशी झाली होती की माणसं लपवतात त्यातून अनर्थ होतात. गुरुजींनी ब्रेकचा दोष लपवला नव्हता. तो त्यांच्या पायात इतका मुरला होता की ती सांगण्यासारखी गोष्ट आहे, हेच त्यांना सुचलं नाही. ज्या जिपेची त्यांना एवढी दया आली, तिच्याबद्दलची ती एकच गोष्ट दुसऱ्याला कळायला हवी होती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जबाबाच्या शेवटी मी एक प्रश्न जास्तीचा विचारत असे: तुमच्या रोजच्या सवयीचं, म्हणून सांगायचं राहिलंय, असं काही आहे का? लोक थोडा विचार करत. बहुतेकदा उत्तर येई, "न्हाई, साहेब."