साडेतीनशे किलोची गाडी

चौसाळ्याच्या बंकटला वजनाचं वेड होतं. हायवेलगतच्या त्याच्या पत्र्याच्या शेडपुढं लिंबाचं झाड आहे. त्या झाडाला त्यानं कापूस मोजायचा जुना काटा टांगला होता आणि हाताला लागेल ते तो त्या काट्याला लावून बघायचा. पाइपचा तुकडा, सीटची चौकट, मूठभर बोल्ट, काहीही. त्याची बायको सत्यशीला एकदा चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "अवो, मला बी टांगा एकदा, म्हंजी तुमचा जीव शांत व्हईल." बंकट हसला नाही. त्याचं लक्ष काट्यावर होतं.

वेड उगाच नव्हतं. भंगारात निघालेली जुनी आठशे सीसीची मोटार घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि चाकं तेवढी ठेवायची, बाकी पत्रा फेकून द्यायचा आणि पाइपचा हलका सांगाडा बनवून हे सगळं त्यात बसवायचं, असा त्याचा उद्योग होता. आपल्याकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात जड गाडी गेली की संपलंच, थेट ट्रॅक्टरला फोन. बंकटची गाडी पाणंदीत रुतली तर चार माणसांनी एकेक बाजू उचलून ती कडेला ठेवावी, असं त्याच्या मनात होतं. सहा वर्षं गेली त्यात. तीन सांगाडे त्यानं स्वतःच्या हातानं बनवले आणि स्वतःच्याच हातानं कापले. चौथा साडेतीनशे किलोत बसला, आणि त्या दिवशी हा गडी शेडमध्ये एकटाच बसून रडला. आता ही गाडी रानोरान फिरावी आणि लोकांनी बघून म्हणावं, 'ही बंकटची गाडी.' त्याला एवढंच पाहिजे होतं. जास्त होतं का हे मागणं?

आता तानाजीबद्दल सांगतो, माझं तोंड कडू झालं तरी चालेल. तानाजी हा युसूफ वडगाव या गावचा, बंकटचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आणि पुढाऱ्यांच्या मागंपुढं उठबस. भंगारातल्या गाड्या बंकटला हाच शोधून द्यायचा. आला की सत्यशीलाच्या हातची भाकरी खाऊनच जायचा. बंकटला सख्खा भाऊ नव्हता, तो तानाजीलाच भाऊ मानायचा.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि हत्याराला हात लावायचा नसतो, हे बंकट फार कडक पाळतो. त्यानं शेड झाडून काढलं, वेल्डिंग मशीन, पाने, टेप, सगळं मांडून हळदीकुंकू वाहिलं आणि मधोमध झेंडूचा हार घालून नवा सांगाडा ठेवला. अशा दिवशी दार उघडं असतं, येईल त्याला प्रसाद. तानाजी आला, सोबत एक इंजिनिअर पाहुणा घेऊन. "सायेबांना मापं लागत्यात," तानाजी म्हणाला. "सरकारात मंजुरीला कागद करायचा हाय तुझ्या गाडीचा."

बंकटनं आजवर कागदावर एक रेघ ओढली नव्हती. सगळा सांगाडा त्याच्या डोक्यात. पाहुणा टेपकडं बघायला लागला तसा बंकट म्हणाला, "आज टेप न्हाई उचलायचा. मी सांगतो ना." आणि या शहाण्यानं पाटावर मांडी घालून, डोळे मिटून, प्रत्येक पाइपची लांबी, जाडी, तिरकस जोडाचा कोन, सगळं पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं. तानाजी लिहून घेत होता. सत्यशीलानं पाहुण्यांना पुरणपोळी वाढली.

पुढं दिवाळीनंतर बंकटनं गाडी रानात जोरात पळवून बघितली आणि बांधाजवळ कचकन ब्रेक मारला. गाडी गर्रकन फिरली, बंकट बाहेर फेकला गेला, मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून तो महिनाभर विचार करत बसला. मागचा पत्रा काढल्यानं गाडी मागून हलकी झाली होती आणि ब्रेक मात्र जड गाडीचेच राहिले होते, त्यामुळं मागची चाकं आधी जाम होत होती. त्यानं मागच्या चाकात रिक्षाचा लहान ब्रेक सिलेंडर बसवला. गाडी सरळ थांबायला लागली. तानाजीला हे सांगायचं होतं, पण तानाजी फोनच उचलेना. मंजुरीच्या धावपळीत असंल, असं बंकट म्हणायचा. भोळा म्हणावं की काय म्हणावं याला?

फाल्गुनात कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. 'तानाजी रानगाडी', ओळीत सहा, लाल रंगाच्या. युसूफ वडगावच्या बाजारमैदानावर आमदार अर्जुनरावांच्या हस्ते मेंढपाळांना वाटप, सोमवारी सकाळी अकरा वाजता.

बंकटनं व्हिडिओ थांबवून जवळून बघितला. त्याचा डावा गुडघा नीट वाकत नाही, म्हणून त्यानं क्लचचं पायडल चार बोटं बाहेर घेतलं होतं. सहाच्या सहा गाड्यांत पायडल चार बोटं बाहेर. अरे चोरांनो, चोरताना निदान डोकं तरी वापरायचं! स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं प्रत्येक माप त्याला तिथं दिसत होतं. केसानं गळा कापला होता. तो दोन दिवस जेवला नाही.

रविवारी संध्याकाळी मात्र तो एकदम उठून बसला. "त्यात रिक्षाचे सिलेंडर न्हाईत," तो म्हणाला.

"नसू द्या," सत्यशीला म्हणाली. ती त्याच्यापेक्षा जास्त पेटली होती. "तुमी जाऊ नका तिकडं. पडू द्या त्या मेल्याला तोंडावर."

"तानाजी न्हाई पडायचा. चालवणारा पडंल."

सोमवारी तो मोटारसायकलवरून निघाला. वाटेत त्यानं तानाजीला द्यायच्या शिव्या मनाशी जुळवल्या, एकापेक्षा एक. मंडपामागं तानाजी भेटला, कडक इस्त्रीत, गळ्यात उपरणं. शिव्या राहिल्या बाजूला. बंकटच्या तोंडातून भलतंच निघालं.

"मागची चाकं जाम व्हत्यात. गाडी फिरती. रिक्षाचा सिलेंडर टाकावा लागतो."

तानाजीचा चेहरा पांढरा पडला. मग सावकाश लाल झाला. "आन् हे आत्ता सांगतूस? खंडेनवमीला कावून न्हाई सांगितलं बे? तुझ्या मापावर इश्वास ठेवून आमी सहा गाड्या केल्या."

"तवा मलाच म्हाईत नव्हतं," बंकट म्हणाला, आणि आपण खुलासा देतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तानाजीनं दुकानातून सिलेंडर मागवले. बंकट दुपारी तीनपर्यंत एकेका गाडीखाली आडवा होऊन ते बसवत राहिला. माईकवर तानाजी लोकांना सांगत होता की, कार्यक्रमाला उशीर झाला, माफी असावी, पण मेंढपाळ बांधवांच्या जिवासाठी मी स्वतः ब्रेक पुन्हा तपासून घेतोय. टाळ्या पडल्या. अर्जुनरावांनी तानाजीच्या पाठीवर थाप मारली. शेवटच्या गाडीचं चाक बसवून बंकट उठला, तेव्हा तानाजी घाईघाईनं येऊन त्याच्या कानाशी काहीतरी बोलून गेला.

बंकट घरी आला. सत्यशीला दारातच उभी होती.

"सांगितलं का लोकांना, गाडी तुमची हाय म्हणून?"

"न्हाई."

"मग तो काय म्हनला?"

बंकटनं चपला काढल्या, हात धुतले, टॉवेलला पुसले.

"म्हनला, जाऊ दे, चूक हुती मानसाकडून," तो म्हणाला. "त्यानं मला माफ केलं."