जावईबापूंनी वीज वाचवली

धोंड्याचा महिना सुरू आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना आठवलं? फोननं सांगितल्याशिवाय तुम्हाला स्वतःचा वाढदिवसही आठवत नाही म्हणा... असो. मी सांगते, नात लिहिते. विसरायच्या आत वाचा.

परवा आमच्या कोल्हापूरच्या घरी जावईबापू धोंडे खायला आले. माझ्या लेकीचा नवरा. पुण्यात मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर असतात.

कॉम्प्युटर आमच्याकडंही आहे, जुना, विंडोजच्याही आधीच्या डॉसवर चालणारा. माझी सून सुजाता त्यावर साडीच्या काठांची डिझाइनं काढते, इचलकरंजीचे मागवाले ती विणतात. मागाला लावायची काठाची भोकांची कार्डं पाडायचं मशीन या म्हाताऱ्या कॉम्प्युटरशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.

या डॉसला आपणहून मेमरीची पुढची खोलीच तेवढी दिसते. मागचं कोठार उघडायला सकाळी आधी मेमरी मॅनेजर नावाचा प्रोग्राम चालवावा लागतो. मग त्या कोठारात सून रॅम डिस्क करते... म्हणजे नुसती मेमरीतली डिस्क. खरी डिस्क फार रखडते, म्हणून काम इथं भराभर करायचं आणि उठताना खऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायचं. मधेच बंद पडलं की सगळं पुसलं!

एरवी सून दुसऱ्यांचे नमुने उतरवते. हा काठ मात्र पहिल्यांदाच तिच्या मनातला होता... बगळ्यांची रांग, त्यातला एक मागं वळून बघणारा. मागवाले दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते. आवडला तर यापुढं तिचेच नमुने घेणार होते.

दारात जावई आले म्हणून ती अर्ध्यावर तशीच उठली. ओवाळलं, पाट मांडला, धोंडे तळायला घेतले. इकडं जावईबापूंनी कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला बघितला आणि मेन बटणच बंद केलं. वर मला म्हणतात, "आई, केवढी वीज वाया जात होती!"

सूनबाई पांढरीफटक पडली... तरी त्यांच्या ताटात तूप वाढत म्हणाली, "असू दे भाऊजी, करते की परत." माझा लेक छताकडं बघत बसला. मुलगी मला डोळ्यांनी दटावत होती. का, तर धोंड्याचा जावई म्हणजे देव!

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जावईबापू, देवसुद्धा न विचारता दुसऱ्याच्या कामाला हात लावत न्हाय. तुमच्या हापिसात कुणी तुमचा कॉम्प्युटर असा बंद केला, तर त्याला पाटावर बसवून धोंडे वाढता व्हय?"

ते भरल्या ताटावरून उठले. मुलगी रडायच्या बेतात... आता हे चपला घालणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण हात धुऊन ते थेट कॉम्प्युटरकडं गेले. "वहिनी, चुकलं माझं. काही परत आणता येतंय का बघू?"

"येत न्हाय भाऊजी," सून म्हणाली. "नवीनच काढायला लागणार. आणि तुम्ही आता कशाला हात लावू नका."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा या घरात ती असं बोलली. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

जावयांनी स्वतः मागवाल्यांना फोन लावला, चूक आपली म्हणून सांगितलं आणि दोन दिवस वाढवून उद्यापर्यंतची मुदत घेतली. तेवढ्यासाठी त्यांचे आभार मानते. पण जावयाचा मान राखायला दर वेळी सुनेचंच काम का मोडायचं, हे मला कुणीतरी समजावून सांगा...

सून अजून बसलीय. बगळे निम्मे झालेत, मागं बघणारा राहिलाय. काठ खऱ्या डिस्कवर उतरेपर्यंत तिला स्वयंपाकघरातून कुणीही हाक मारायची न्हाय, हा माझा हुकूम. तेव्हा जवळपास राहणाऱ्यांनी भाकऱ्या, भरली वांगी आणि खर्डा पाठवा. भाकऱ्या ज्वारीच्या, आणि गरम.