वेशीबाहेरची अकरा घरं

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, लोणावळ्यात तीस वर्षांहून जास्त काळ एक चार पानी साप्ताहिक चालवलं. बातम्या तेच लिहीत आणि तपासतही तेच. आमच्या घराची पुढली खोली म्हणजे छापखाना. माझे यजमान दिवसा रेल्वेत कामाला जात आणि शुक्रवारी संध्याकाळी येऊन यंत्राची दांडी ओढीत. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचं काम माझ्याकडे होतं.

मी चौथी पास. लग्न होऊन आले त्याच महिन्यात जुळारी आजारी पडून गावी गेला तो परत आलाच नाही. सुनेला अक्षर येतं का, असं मामंजींनी सासूबाईंकरवी विचारलं, आणि आठ दिवसांत मी खिळ्यांच्या केसांपुढं, त्या खणाखणांच्या लाकडी पेट्यांपुढं, उभी राहिले. खिळ्यांवरचं अक्षर उलटं असतं. ते मला सरळ अक्षरापेक्षा लवकर वाचता येऊ लागलं.

मामंजींशी समोर उभं राहून मी फारशी बोललेच नाही. तशी आमच्याकडे रीत नव्हती, आणि रीत असती तरी मला जमलं नसतं. चार माणसं बसली असली की माझ्या घशातून आवाज निघत नसे. पण कामाचं तर विचारावंच लागे. मग मी कच्च्या छापाच्या समासात पेन्सिलीनं विचारी आणि तो कागद दारामागच्या लोखंडी आकड्याला अडकवी. ‘हे गाव मावळातलं का मुळशीतलं?’ ‘ही ओळ दोनदा आली आहे.’ मामंजी तिथंच खाली उत्तर लिहीत. सासूबाई गेल्यावरही हेच चालू राहिलं. घरातला तांदूळ संपल्याचंसुद्धा मी एकदा सभेच्या वृत्तान्ताच्या समासात लिहिलं होतं. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘आणतो. वृत्तान्त बरोबर आहे.’

मामंजींचं वय झालं, दमा वाढला, तेव्हा गावातल्या मंडळींनी त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. शाळेच्या मोठ्या खोलीत सभा, शाल, श्रीफळ, मानपत्र. पुण्याहून एक वयोवृद्ध संपादक अध्यक्ष म्हणून येणार होते. सगळी खटपट एक वकील करीत होते. ते घरी येऊन म्हणाले की मानपत्रात मुख्य उल्लेख त्या एका अंकाचा करायचा आहे, आणि तो अंक काचेत बसवून व्यासपीठावर ठेवायचा आहे.

तो अंक माझ्या लग्नाआधीचा. धरणाचं पाणी चढायच्या आधी मामंजी एका गावात चार दिवस जाऊन राहिले होते. पाटलाच्या घरापासून सुरुवात करून त्यांनी एकेक घर लिहून घेतलं होतं. घर कुणाचं, किती खणांचं, परसात काय, विहीर कुठल्या बाजूला. सगळा अंक त्यानंच भरला होता. पुढं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं जिकडं वाट फुटली तिकडं गेली. कुणी कार्ल्याकडं आलं, कुणी लोहगडाच्या पायथ्याला. त्यांचं गाव उरलं ते त्या चार पानांत, असं लोक म्हणत.

आमच्याकडची त्या वर्षाची फाईल मात्र ट्रंकेत बुरशी लागून विटेसारखी झाली होती. लोणावळ्याच्या पावसात कागद टिकवणं म्हणजे रोज शेगडी लावणं आलं, आणि एका वर्षी माझ्या बाळंतपणात ते राहून गेलं. तेव्हा अंक शोधून आणायचं काम माझंच आहे असं मी ठरवलं. त्याच गावातलं एक शेतकरी कुटुंब कार्ल्याला राहत होतं. त्यांच्याकडे अंक आहे असं कळलं. ह्यांना रजा मिळेना. मी एकटीच मळवलीला उतरले आणि शेतांमधून चालत गेले. एकटीनं केलेला तो माझा पहिला प्रवास. काय बोलायचं ते वाटेत पाठ करीत गेले.

भातझोडणीचे दिवस होते. घरधनी, त्यांना सगळे भाऊ म्हणत, खळ्यावरच होते. मी कशीबशी दोन वाक्यं बोलले. त्यांनी पाय धुतले, आत जाऊन देवापाशी ठेवलेलं तांबडं फडकं आणलं आणि त्यातून अंक काढला. वाचता येत नसलं तरी त्यांना आपली ओळ ठाऊक होती. बोट ठेवून ठेवून ती काळी पडली होती.

“वाचा एकदा,” ते म्हणाले. “लय दिसांत आईकलं न्हाई.”

मी हळू आवाजात सगळा अंक वाचला. भात झोडायला आलेल्या बाया हात थांबवून जवळ आल्या. त्यांत एक म्हातारी होती, लोहगडाखालच्या वाडीतली. वाचून झालं तरी ती माझ्याकडं बघत उभी राहिली.

“आमचं बी वाचा की, बाये.”

मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. तिचं घर त्यात नव्हतं. भाऊ हसले. “मावशे, तुमची घरं गावात कुटं व्हती? येशीभायेर व्हती. ह्यो गावाचा पेपर हाय.”

“पानी येशीपाशी थांबलं न्हाई, भाऊ,” ती म्हणाली आणि पेंढी उचलून पुन्हा झोडायला लागली.

मग मी तिच्यापाशी गेले आणि तिकडं किती घरं होती ते विचारलं. अकरा, असं ती हात न थांबवता म्हणाली. भाऊंनी अंक दिला, पण परत आणून द्यायचं वचन घेऊन. त्यात आमचं जोतं आहे, असं ते म्हणाले.

गाडीत अंक मांडीवर धरून मी बसले होते. वाटत होतं, मानपत्र लिहून झालंय, आठ दिवसांवर सभा आहे, म्हातारपणी माणसाला मिळणारा हा एकच मान. मी काही विचारलं नाही तर कुणालाच कळणार नाही. पण वीस वर्षं मी हेच काम करीत होते. छापात काही राहिलं असेल तर समासात विचारायचं. ज्या अंकासाठी सत्कार, त्याच अंकाबाबत गप्प बसायचं, हे मला पटेना.

भाऊंच्या अंकावर लिहिणं शक्य नव्हतं. मी कोऱ्या कागदाची पट्टी घेतली, वर लिहिलं, ‘वेशीबाहेरची अकरा घरं राहिली आहेत का?’ आणि आकड्याला लावली.

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं. ‘ती गावात नव्हती.’

मामंजींचं अक्षर नेहमी ठाम असे. त्यावर पुन्हा विचारायची माझी पद्धत नव्हती. पट्टी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, भाकऱ्या केल्या, परत आले आणि त्याखाली त्या म्हातारीचं वाक्य लिहिलं. ‘पाणी वेशीपाशी थांबलं नाही.’ मग पट्टी होती तिथंच लावली.

दोन दिवस ती तशीच होती. मामंजी तिच्याजवळून जात, येत. जेवण अर्धवट टाकून उठत. ह्यांनी मला विचारलं, काय बिनसलंय. मी पट्टीकडं बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते कधी तिथवर येत नसत. मी पदर सारखा केला.

“मी वेशीपर्यंत मोजत गेलो आणि तिथून परत फिरलो,” ते म्हणाले. “पुढं जाऊ नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं. धूर दिसत होता तिकडचा. चला, आज जाऊ.”

मळवलीपासून भाऊंनी बैलगाडी दिली. पायथ्यापासून वाडीपर्यंत मामंजी काठीच्या आधारानं चढले, दर थोड्या वेळानं थांबत. म्हातारी अंगणात होती. मामंजींनी वही उघडून पहिल्या घराचं नाव विचारलं. नावं तिनं सांगितली, पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना.

“नावाची मान्सं मेली समदी,” ती म्हणाली. “घराम्होरं काय व्हतं त्ये लिवा. झाडं न्हाई इसरत.”

तसंच लिहिलं. कुणाच्या घरापुढं फणस, कुणाच्या पुढं उंबर, एक घर कातळाला टेकून, एक झऱ्याच्या अलीकडं, एकाच्या दारात हिरडा आणि त्याखाली जात्याचा फुटका दगड. मामंजींना धाप लागली की वही माझ्याकडं येई.

हे वकिलांच्या कानावर गेलं. ते घरी आले, आणि मी आतल्या खोलीतून ऐकत होते. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. मानपत्र छापायला गेलेलं, अध्यक्ष याच अंकाचं कौतुक करणार. दुरुस्ती पुढच्या आठवड्याच्या अंकात कोपऱ्यात द्यावी, असं ते म्हणत होते.

“आबा, मानाच्या दिवशी माणसानं आपलीच चूक वाचून दाखवायची?”

“सत्कार त्या अंकाचा आहे ना?” मामंजी म्हणाले. “तो पुरा नाही. पुरा करून येतो. नाहीतर शाल दुसऱ्या कुणाला द्या.”

वकिलांनी मग चहा मागितला. चहा मागितला म्हणजे मान्य, हे मी ओळखलं.

तीन दिवसांत ते पान जुळवलं. मजकूर थोडा, पण मी सावकाश जुळवला. शुक्रवारी ह्यांनी दांडी ओढली. पहिला छाप मामंजींनी शेगडीजवळ धरून वाळवला. त्या पट्टीवर मात्र त्यांनी पुढं काही लिहिलं नाही.

रविवारी दुपारी सभा होती. भाऊ आपला अंक नीट ठेवलाय का ते बघायला स्वतः आले होते, आणि त्यांच्याच गाडीतून वाडीतली मावशीही. तिला बायकांच्या बाजूला जाजमावर माझ्याशेजारी जागा दिली. अध्यक्ष चांगलं बोलले. मानपत्र वाचलं गेलं. शाल घालायला ते पुढं झाले तेव्हा मामंजींनी हात जोडून त्यांना थांबवलं आणि आधी आपलं पान काढलं.

अंक का अपुरा राहिला ते त्यांनी सरळ सांगितलं. सबब एकही दिली नाही. मग घरं वाचू लागले. चौथ्या घरापाशी खोकला आला तो थांबेना. पाणी दिलं तरी थांबेना. वकिलांनी पान घ्यायला हात पुढं केला. मामंजींनी ते त्यांच्या हाती दिलं, पण बोट माझ्याकडं दाखवलं.

मला पळून जावंसं वाटलं हे खरं आहे. पाय उचलेनात म्हणून मी बसल्या जागीच उठून उभी राहिले. मजकूर माझाच जुळवलेला, पान बघायची गरज नव्हती. पण डोळे कुठं तरी ठेवायला हवे होते, म्हणून वकिलांनी आणून दिलेलं पान तोंडासमोर धरलं आणि पाचवं घर वाचलं. आवाज आला. सहावं वाचलं. तेवढ्यात मावशीनं माझा पदर ओढला.

“फनस आमचा न्हवं,” ती म्हणाली. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. “फनस तिचा, शेजारनीचा. आमच्याम्होरं उंबर. जल्माची भांडलो आमी त्या फनसापायी, आन आता तुमी मला दिला व्हय?”

मागं कुणी तरी हसलं. वकिलांनी मला खाली बसायची खूण केली. चूक माझीच होती. जुळवताना सहाव्या नि सातव्या घरापुढची झाडं माझ्या हातून उलटसुलट झाली होती, आणि तपासताना मामंजींच्याही नजरेतून ते सुटलं होतं.

मामंजींचा खोकला एव्हाना बसला होता. व्यासपीठावरून ते म्हणाले, “सूनबाई, दुरुस्त करून पुन्हा वाचा. सहाव्यापासून.”

मी सहाव्यापासून वाचलं. उंबर मावशीला, फणस शेजारणीला. प्रत्येक घराला मावशी मान हलवी आणि मगच मी पुढं जाई. कुणी हसलं नाही. अकरा झाल्यावर मी खाली बसले. मामंजींनी मान पुढं केली तेव्हा अध्यक्षांनी शाल घातली.

पुढच्या अंकात आम्ही जुनं गाव आणि ती अकरा घरं एकत्र छापली, सलग, वेशीपाशी न थांबता. भाऊंचा अंक परत केला तेव्हा त्यात नवा घडी करून घातला. वाडीत मी दोन प्रती दिल्या. एक मावशीला, एक तिच्या शेजारणीच्या नातसुनेला.

छापून झाल्यावर खिळे सोडून परत केसांच्या खणांत टाकायचे असतात. त्या पानांचे सोडू नका, जुळवलेल्या चौकटी, म्हणजे फर्मे, तसेच बांधून ठेवा, असं मामंजींनी सांगितलं. इतके खिळे अडकल्यावर आम्हाला अक्षरं पुरेनात. मी समासात लिहिलं, ‘खिळे कमी पडतात. बातम्या आखूड कराव्यात.’ त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘करतो.’ शेवटपर्यंत त्यांनी बातम्या आखूडच लिहिल्या.

मामंजी जाऊन आता काही वर्षं झाली. छापखाना आम्ही चालवतो. लढाईमुळं नवे खिळे मिळत नाहीत. ह्यांनी मला दोनदा विचारलं, ते फर्मे सोडायचे का. दोन्ही वेळा मी त्यांच्याकडं बघून, तोंडानं, नाही म्हटलं.