नंदूची खोकी

“बायॉप्सीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे, बाई. काखेतल्या गाठींपर्यंत पोचलाय,” डॉक्टर म्हणाले. बायॉप्सी म्हणजे माझ्या स्तनातल्या गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. मी विचारलं, “किती दिवस आहेत?” ते म्हणाले, “आधी ऑपरेशन करू. मग बघू.” मला रडू आलं नाही. डोक्यात एकच, नंदूचं कोण बघणार?

नंदू माझा मुलगा. सव्वीस वर्षांचा, मतिमंद. त्याचे वडील गेल्यापासून मुलुंडच्या घरात आम्ही दोघंच. प्रौढ मतिमंदांना काम शिकवणाऱ्या एका कार्यशाळेत तो औषधाच्या बाटल्यांची खोकी बनवायला शिकत होता. सरावाला सपाट पुठ्ठे घरी मिळायचे. खोक्याच्या तळाची घडी अडकवायला तो हमखास विसरायचा.

ऑपरेशनची तारीख मिळाली आणि मला घाई सुटली. संध्याकाळी तो खाली फाटकाशी जाऊन उभा राहिला की मी त्याची खोकी गुपचूप नीट करून ठेवायची. घरून नेलेली खोकी बघून शिकवणाऱ्या बाई खूश. “नंदू तयार झाला हो,” म्हणाल्या आणि त्याला अंधेरीच्या एका कारखान्यात लावून दिलं. त्याला तेवढे दिवस बाईंकडे सोपवून मी निर्धास्त होऊन ऑपरेशनला गेले. एवढी मूर्ख मी.

टाके निघायच्या आधीच बाई त्याला घेऊन वॉर्डात आल्या. कारखान्यात त्याच्या खोक्यांच्या तळातून बाटल्या पडून फुटल्या होत्या. तिसऱ्याच दिवशी त्याला कामावरून परत पाठवलं होतं. नंदू खाटेला टेकून म्हणाला, “आई, घरी माझी खोकी चांगली असतात ना. तिकडे बिघडतात गं.”

आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती. बाईंसमोरच सांगितलं, “नंदू, ती मी नीट करत होते रे.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मान खाली घालून म्हणाला, “म्हणजे मला येत नाही.”

मग केमोथेरपी सुरू झाली, म्हणजे शिरेतून कॅन्सरची औषधं. उलट्या झाल्या, केस गेले. त्या वाक्याइतकं काहीच दुखलं नाही. तुमच्या घरी असं मूल असेल आणि तुम्हालाच दुखणं आलं, तर माझ्यासारखं करू नका.

बाईंचे उपकार, त्यांनी त्याला परत घेतलं, पहिल्या घडीपासून. आता दहातली चार जमतात. परवा एक तळ उघडा दिसला आणि माझा हात पुढे गेलाच. त्याने खोकं पोटाशी धरलं.

“तू नको. तू परत हॉस्पिटलात गेलीस की कोण करणार?”

मी हात मागे घेतला. त्याने घडी घातली. चुकली. पुन्हा घातली. डोळे भरून आले होते, पण मी नुसती बसून राहिले.