सोडलेला गहू

देवाच्या दारी कोणीही उपाशी राहत नाही, असं त्या देवळाच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याच कमानीखाली माझी आठ वर्षांची मुलगी, सई, सकाळपासून उपाशी उभी होती. आत भंडारा चालला होता, अख्ख्या जुन्या शहराला पुरेल एवढं शिजलं होतं, आणि त्यातलं काहीही तिला चालणार नव्हतं.

सईला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातला ग्लुटेन नावाचा घटक पोटात गेला की तिचं आतडं आतून सोलवटून निघतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. याला औषध नाही, पथ्य तेवढं आहे, आणि ते जन्मभराचं. आमच्या अमरावतीच्या घरात तिचा तवा वेगळा, पोळपाट वेगळा. गिरणीत आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो, म्हणून तिची ज्वारी घरच्या लहान चक्कीवर दळतो. बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ मिसळलेलं असू शकतं. हिंगाच्या डबीवरचा बारीक मजकूर मी जितक्या एकाग्रतेनं वाचतो, तितक्या एकाग्रतेनं कुठलं स्तोत्र वाचलं असतं तर आतापर्यंत काहीतरी प्राप्त झालं असतं. मागं एका वाढदिवसाला तिनं लाजेखातर केकचा तुकडा खाल्ला आणि घरी सांगितलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती अंथरुणाला चिकटून होती. तिचे हात तेव्हा इतके बारीक झाले होते, की बांगडी दंडापर्यंत चढायची. आता कुठं वजन धरायला लागलं होतं.

अकोल्याला ताईकडं आलो होतो. तिच्या गल्लीतल्या देवळाचा भंडारा, न येऊन चालणार नव्हतं. सईच्या भाकरीचा डबा मात्र एसटीतच राहिला. बरोबर होतो मी एकटाच, तेव्हा दोष द्यायलाही दुसरं कोणी नव्हतं. ताई आत पोळ्या लाटायला बसली होती आणि तिच्या घरात कणकेचा हात लागला नाही असं भांडं सापडणं अवघड होतं. सईला बायकांच्या पंगतीत एका आजीशेजारी बसवलं, कशाला हात लावू नकोस म्हणून बजावलं आणि केळी आणायला पळालो.

परत येतो तर तिच्या पत्रावळीवर पोळी, शेजारी शिरा, आणि भंडाऱ्याचे अध्यक्ष, खांद्यावर जरीचा शेला, तिच्यासमोर वाकलेले. सईची बोटं पोळीवर होती. ती मान खाली घालून बसली होती. वाढदिवसाच्या दिवशीही ती अशीच बसली असणार.

"घे ना बेटा. देवाचं हाय. प्रसादानं काई होत नाई."

या एका वाक्याची मला डॉक्टरांच्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त धास्ती आहे. मी आतडं, ग्लुटेन, एक कणसुद्धा, असं सगळं धापा टाकत सांगितलं. अध्यक्षांनी ते हसतमुखानं ऐकून घेतलं.

"साहेब, गहू चांगला लोकवन हाय. बायांनी निवडून घेतला."

पंगत आमच्याकडं बघायला लागली. सईनं पोळीचा तुकडा मोडला. तिला खायचं नव्हतं, हे सगळं थांबावं एवढंच तिला हवं होतं. तेवढ्यात शेजारची आजी कडाडली.

"काहून मांगं लागला रे तिच्या? पोरीनं गहू सोडला असन देवापाशी. सोडलेलं कोणी वाढते काय पानात?"

काशीला जाऊन आलेली माणसं एखादा पदार्थ कायमचा देवाला सोडून येतात. तो त्यांना परत वाढायचा नाही, आग्रह तर करायचाच नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अध्यक्षांनी चटकन हात जोडले. "माफ करजो माय," असं ते आठ वर्षांच्या सईला म्हणाले. पान उचललं गेलं, नवं आलं. मी तिचे हात दोनदा धुऊन आणले. तोवर अध्यक्षांनी माइकवरून या बालिकेच्या त्यागाची घोषणा केली होती. भंडाऱ्याच्या लाउडस्पीकरचा मला जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. दोन बाया तर येऊन सईच्या पाया पडल्या.

आजींचा उपास होता. पंगतीचा मान म्हणून त्या बसल्या होत्या, खाणार होत्या आपल्याच डब्यातलं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. त्यांनी डबा सईपुढं सरकवला आणि मी निर्लज्जपणे चौकशी सुरू केली. भांडं कुठलं? हिंग घातलाय?

"उपासाले हिंग कोण घालते? भांडं उपासाचंच हाय, कणकीचा हात नाई लागू देत मी त्याले. तू बाप हायस का फौजदार?"

डॉक्टरांनी मला जे पानभर समजावलं होतं, ते त्या बाईच्या घरी देवाच्या नावानं कधीचं चालू होतं. सई पोटभर जेवली. आजी केळ्यांवर राहिल्या. मी मात्र संध्याकाळपर्यंत तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो, ती जरा वाकली की दुखतंय का म्हणून विचारायचो. पोट दुखलं नाही.

आजी नेमक्या तिथंच का बसल्या होत्या, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. इतके दिवस मी सईला पहारेकऱ्यासारखा अडवत आलो होतो. परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "बाबा, मी खरंच सोडला का गहू?" मी हो म्हटलं. ती सीटवर ताठ होऊन बसली. त्या दिवसापासून कोणी पोळी पुढं केली की ती माझ्याकडं बघत नाही. स्वतःच हात जोडते. माझ्या हातातली निम्मी काळजी तिनं अशी काढून घेतली, आणि उरलेली कुठं ठेवायची हे मीही हळूहळू शिकतो आहे. देवघरापुढं मी हल्ली थोडा जास्त वेळ उभा राहतो. का, ते मला कोणी विचारू नये.

निघताना सईनं आजींना विचारलं होतं, तुम्ही काय सोडलं? "कारलं," आजी म्हणाल्या. "नाईतरी मले कुठं आवडत होतं!"

पुढच्याच आठवड्यात सईनं देवापाशी दोडका सोडला.